धूळपाटीपासून नभोवाणीपर्यंत : प्राथमिक शाळेंतील साधनांचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत शाळेविषयीं एखादा लेख असावा हा प्रघात जुना आहे; आणि अशा लेखांत इमारत केव्हां उभी राहिली, विद्यार्थ्यांची संख्या किती वाढली, परीक्षेचे निकाल कसे लागले, हें सांगण्याचा प्रघातहि तितकाच जुना आहे. तें काम करणारे दुसरे जाणते लेखक आपल्या धर्मग्रामांत आहेत. आम्हीं येथें निराळा विषय घेतला आहे. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतील लेंकराच्या हातीं कोणत्या काळीं कोणतें साधन आलें, तें कोठून आलें, आणि कोणाच्या हातीं तें आलेंच नाहीं, एवढाच तो विषय होय. हल्लीं पालकांच्या सभेंत मोबाईल, संगणक व भिंतीवरील पडदा यांविषयीं जो वाद चालतो तो ऐकतांना असें वाटूं लागतें कीं, शाळेंत नवें साधन शिरण्याची ही जणूं पहिलीच वेळ आहे. जुनें दप्तर उघडून पाहिलें म्हणजे तसें मुळींच नाहीं हें ध्यानांत येतें.

इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वीं आपल्याकडे पंतोजींच्या शाळा असत. शाळा म्हणजे एखाद्या सावकाराची ओसरी, देवळाचा ओटा किंवा पंतोजींचें स्वतःचें घर. तेथील पहिलें साधन धूळपाटी. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, मुलानें बोटानें अगर काडीनें तीवर अक्षर काढावें, पंतोजींनीं तें पाहावें, आणि फळी हालविली कीं ती पुन्हां कोरी. ओनामा येथेंच गिरवला जाई. कागद महाग, शाई घरीं करावी लागे, बोरू तासण्यास हात बसावा लागे. धुळीला मात्र दाम पडत नसे. हाताला वळण आल्यावर मुलगा बोरूकडे व मोडी कित्त्याकडे जाई. तोंडी हिशेब हें ह्या शाळांचें खरें बळ होतें. साध्या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलें घोकीत आणि पुढें बाजारांत त्यांचा उपयोग करीत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज ज्यांच्या खिशांत हिशेब करणारें यंत्र आहे त्यांनीं ती एकदां म्हणून पाहावी. परंतु ह्या शाळांचें कौतुक करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस व बहुतेक मुलींस त्या ओसरीवर पाऊल ठेवतां येत नव्हतें. धूळ सर्वांच्या दारांत होती. ओसरी सर्वांची नव्हती.

धुळींत अक्षर काढण्याच्या ह्या रीतीनें पुढें जो प्रवास केला तो फार थोड्यांना ठाऊक आहे. ही रीत महाराष्ट्राप्रमाणें दक्षिणेंतहि होती. तिकडे धुळीच्या जागीं वाळू घेत. १७८९ मध्यें अँड्र्यू बेल नांवाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासेस लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमावर प्रमुख म्हणून आला. आश्रमांतील मुलें अक्षरओळखीशींच अडखळत होतीं. एके दिवशीं घोड्यावरून जातांना त्यानें एका देशी शाळेंतील मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढीत बसलेलीं पाहिलीं, आणि तीच रीत आपल्या आश्रमांत सुरू करण्याचा हुकूम दिला. तेथील शिक्षकांना ती पसंत पडेना. तेव्हां बेलनें तें काम जॉन फ्रिस्कन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोंपविलें, आणि प्रयोग साधला. १७९७ मध्यें बेलनें ह्या प्रयोगाची हकीकत लंडनमध्यें छापली. त्याच सुमारास जोसेफ लँकास्टर ह्यानें लंडनमधील गरिबांच्या शाळेंत वाळूचीं मेजें व दगडी पाट्या घेऊन, मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें अशी पद्धत चालविली. शेंकडों मुलें एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं अक्षरें गिरवूं लागलीं. नव्या साधनाला पहिला विरोध शिक्षकांकडूनच झाला, आणि तें साधन तर ह्याच देशांतील जुनेंपुराणें होतें, ही गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

छापील पुस्तकाची कथा याच्या उलट. यंत्र आलें लौकर, पण मराठी मुलाच्या हातीं त्याचें फळ पडलें फार उशिरां. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्यें गोव्यास आले तेव्हां त्यांचें साधन म्हणजे एक हातघंटा. ती वाजवीत रस्त्यानें जावें, मुलें गोळा करावीं आणि धर्मतत्त्वें चालीवर म्हणवून घ्यावीं, अशी त्यांची रीत होती. १५५६ मध्यें गोव्यांतील सेंट पॉल कॉलेजांत छापखाना आला. भारतांतील तो पहिला. दुसऱ्याच वर्षीं झेवियरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका तेथें छापून निघाली, ती पोर्तुगीज भाषेंत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांनीं ओवीबद्ध रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. भाषा मराठी, छंद मराठी, परंतु अक्षरें रोमन; कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ही उणीव स्टीफन्स यांना बोंचत होती. १६०८ मध्यें रोमला पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं देशी लिपीचे ठसे पाडण्याची गोष्ट काढली होती. ती सिद्धीस गेली नाहीं. काना-मात्रा व जोडाक्षरें धरलीं तर देवनागरीस खिळ्यांचे प्रकार रोमनच्या कितीतरी पट लागतात, आणि तेवढा खर्च कोणीं करावा?

त्यानंतर १८०५ मध्यें बंगालमधील सेरामपूर येथें विल्यम केरीचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें, आणि पुढच्याच वर्षीं तंजावरच्या सरफोजीराजांनीं इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर, बालबोधमुक्तावली, आपल्या छापखान्यांत छापविलें. गोव्यांत यंत्र उतरल्यापासून तोंवर जवळजवळ अडीचशें वर्षें गेलीं होतीं. पहिला छापखाना आपल्या लोकांनीं आणला ह्याचा आम्हां कॅथलिकांस अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण यंत्र, भाषा आणि लेखक हे तिन्ही एके ठिकाणीं असतांना केवळ खिळ्यांवांचून बालबोध वाचणाऱ्या मुलापर्यंत पुस्तक पोहोंचलें नाहीं, हेंहि त्याच इतिहासाचें पान आहे.

पुढें मुंबईकडे ही अडचण निराळ्याच वाटेनें सुटली. १८२२ मध्यें मुंबईस देशी भाषांतील शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. पांच वर्षांनीं तिला बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हें नांव मिळालें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस. त्यांनीं पंडितांच्या साह्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं, आणि तीं शिळाछापावर छापण्यांत आलीं. शिळाछापांत खिळे लागतच नाहींत. चांगल्या अक्षराच्या लेखकानें विशिष्ट शाईनें लिहावें, तें दगडावर उतरावें, आणि दगडावरून कागदावर प्रती काढाव्या. स्टीफन्स यांना जें साधलें नाहीं तें एका गुळगुळीत दगडानें साधलें! त्याच काळांत इंग्रजी पद्धतीच्या शाळांतून दुसरा एक दगड मुलांच्या हातीं आला, तो म्हणजे लांकडी चौकटींतील काळी पाटी. धूळपाटीचीच ती धाकटी बहीण. लिहावें, पुसावें, पुन्हां लिहावें. ती फुटे एवढाच काय तो दोष. आमच्या लहानपणीं पाटी फुटली म्हणजे घरीं बोलणीं बसत, आणि फुटक्या पाटीचा मोठा तुकडा धाकट्या भावंडाच्या वांट्यास येई.

साधन आलें तरी शिकवावयाचें काय, हा प्रश्न राहतोच. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रमच मांडला आहे. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांच्या जोडीला शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य हे विषय असावेत, असें त्यांचें मागणें होतें. शेतकऱ्याचें पोर शाळेंत जाऊन शेतीला परकें होऊं नये, ही त्यामागील तळमळ. त्यांनीं मागितलेली मोडी पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेंतून गेली. आरोग्य आणि शेती यांची मागणी मात्र अद्याप जुनी झालेली नाहीं.

आतां आपण नाशिककडे येऊं. हातानें करावयाचें काम आणि अक्षरज्ञान हीं एकाच शाळेंत देण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग आपल्या शहरांतच झाला, तो शरणपुरांत. ती वसाहत आपल्या पंथाची नव्हे. चर्च मिशनरी सोसायटीच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं ती १८५० च्या दशकांत वसविली. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे, व त्यांतून सुटलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांपैकीं कित्येकांस नाशिकला आणून शरणपुरांत ठेवण्यांत आलें. तेथें तीं लिहावयास-वाचावयास शिकलीं आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदेहि शिकलीं. आईबापांपासून तुटलेल्या, मायभाषेला मुकलेल्या ह्या मुलांपुढें दुसरा मार्ग नव्हता. त्यांना कोणीं विचारून शाळेंत घातलें नव्हतें, हें सांगितल्यावांचून पुढील हकीकत सांगणें योग्य होणार नाहीं.

ह्या मुलांपैकीं एक जेकब वेनराइट. आफ्रिकेंत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस जी टोळी १८७२ मध्यें पाठविण्यांत आली तींत नाशिकला शिकलेले कांहीं तरुण होते, जेकब त्यांतलाच. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, सध्यांच्या झांबिया देशांतील चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे जुने सोबती सुसी व चुमा यांनीं देह स्वदेशीं पोहोंचविण्याचा निर्धार केला. हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. अंत्यविधीच्या प्रार्थना जेकबनें वाचल्या, आणि झाडाच्या बुंध्यावर नांव व तारीख त्यानेंच कोरली. मिठानें व उन्हानें वाळविलेला देह खांद्यावर घेऊन ते लोक कित्येक महिने चालत समुद्रकांठीं बागामोयो येथें आले. जेकब त्या देहाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटिकेला हात देणाऱ्यांत तो होता. त्या प्रवासाची त्यानें लिहिलेली रोजनिशी इतिहासकार आजहि वाचतात. कोरलेल्या बुंध्याचा भाग पुढें झाड तोडल्यावर लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. नाशिकच्या प्राथमिक शाळेंत शिकलेल्या हातानें कोरलेलीं तीं अक्षरें! शरणपूरचे आफ्रिकन १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळील फ्रीअर टाऊन ह्या नव्या वसाहतीकडे नेण्यांत आले, आणि येथील तो अध्याय संपला.

आपल्या नाशिक रोडचा संसार त्या मानानें अलीकडचा. १८६० च्या दशकांत लोहमार्ग आला तेव्हां स्टेशन शहरापासून दूर पडलें, आणि शहर व स्टेशन यांच्यामध्यें एके काळीं घोड्यांची ट्राम चालत असे. वस्तीला खरा आकार आला तो छापखान्यांमुळें. टपालाचीं तिकिटें तोंपर्यंत लंडनहून छापून येत. १९२५ च्या सुमारास सिक्युरिटी प्रेस येथें सुरू झाली आणि १९२८ मध्यें नोटांचा छापखाना उघडला. ज्या गांवीं कागदाचा एकेक ताव मोजून आंत जातो व मोजून बाहेर येतो, त्या गांवांतील पालकांना यंत्र म्हणजे काय तें सांगावें लागत नाहीं. बारीक रेघ, शाईचा दाट-पातळपणा, ठशाची जागा एका केसानेंहि हलूं नये म्हणून घेतलेली खबरदारी, ही विद्या येथील कामगारांच्या बोटांत मुरलेली आहे. आपल्या शाळांनीं ह्या बापांना व काकांना वर्गांत बोलावून ती मुलांस दाखवावी असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे. छापखान्याचें गुपित न सांगतांहि रेघ कशी मारावी हें सांगतां येतें.

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुळें नगर जिल्ह्यांतील खेड्यांत आहेत. तिकडे जेझुइट मिशन १८७८ च्या सुमारास सुरू झालें, आणि गांवोगांवीं धर्मशिक्षक मास्तर हीच शाळा असे. एक माणूस, एक फळा, कुडाची किंवा मातीची खोली. सकाळीं अक्षरें, संध्याकाळीं प्रार्थना. जीं मुलें पंतोजींच्या ओसरीबाहेर उभीं राहत असत, त्यांच्यापैकीं अनेकांचे पहिले ‘अ आ इ’ ह्या खोलींत झाले. केंदळ येथें फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ मध्यें ‘निरोप्या’ मासिक काढलें, तेव्हां ह्या शाळांतून वाचावयास शिकलेल्या घरांत तें वाचलें जाऊं लागलें. मास्तर एका अंकाचें वाचन करी आणि सारी आळी ऐके, असें जुनीं माणसें सांगत.

मध्यंतरींच्या काळाचा आढावा थोडक्यांत घेऊं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली तींत हस्तोद्योगाभोवतीं सर्व विषय गुंफावे असें ठरलें, आणि पाटीशेजारीं टकळी आली. तिचा आशय मोठा होता. परंतु जेथें शिक्षकाला स्वतःला सूत काढण्याची गोडी नव्हती तेथें ती टकळी खुंटीला लटकत राहिली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस १९४५ पासून व पुढें कोसबाडास आदिवासी मुलांसाठीं जी बालवाडी उभी केली ती आम्हांस अधिक शिकविणारी वाटते. माँटेसरी पद्धतीचीं महागडीं साधनें बाजूस ठेवून त्यांनीं बिया, शंख, पानें, खडे हींच साधनें केलीं, आणि मुलें येईनात तेव्हां गुरांमागें जाऊन कुरणांत शाळा भरविली. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या मदतीनें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोंचली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. १९८४ मध्यें पुण्यास बालचित्रवाणी स्थापन झाली व तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली. ती संस्था आतां बंद झाली आहे. आणि १९८७ मध्यें केंद्र सरकारनें जी योजना काढली तिचें नांव ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. स्वातंत्र्याच्या चाळिसाव्या वर्षीं प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व फळा असावा, एवढेंच तिचें मागणें होतें. उपग्रह आधीं आणि फळा मागून, असा हा क्रम.

अलीकडील गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत काळ्यापांढऱ्या चौकटींची एक खूण, म्हणजे क्यूआर कोड, छापून घेतली. मोबाईल त्या खुणेवर धरला कीं कविता ऐकूं येई, धडा दिसूं लागे. पुढें राज्यानें सर्व इयत्तांच्या पुस्तकांत ती खूण घेतली. डिसले यांस डिसेंबर २०२० मध्यें दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. त्यांचें कौतुक झालें तें योग्यच. पण त्याच वर्षीं मार्चमध्यें शाळांना कुलपें लागलीं होतीं, आणि प्राथमिक शाळांचीं दारें दीड वर्षाहून अधिक काळ मिटलेलीं राहिलीं. मोबाईलवर वर्ग भरूं लागले. ज्या घरीं एकच मोबाईल होता आणि तो बापाबरोबर कामावर जात असे, त्या घरच्या मुलाचा वर्ग रात्रीं भरे. ज्या घरीं तो नव्हताच, त्या घरच्या मुलाची हजेरी कोणींच घेतली नाहीं. पंतोजींची ओसरी दोनशें वर्षांनीं नव्या रूपानें परत आली.

त्या दिवसांत ज्यांनीं वाट काढली त्यांनीं बहुधा जुन्याच साधनाकडे हात केला. सोलापूरच्या नीलमनगर ह्या कामगारवस्तींत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. भिंतीच पुस्तक झाल्या. जव्हार-मोखाड्याकडे पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ भरली. आणि आपल्या नाशिकांत रेडिओ विश्वास ह्या सामुदायिक नभोवाणी केंद्रानें जून २०२० पासून ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा कार्यक्रम चालविला. जिल्हा परिषद व महापालिका यांच्या शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठीं सुमारें १५० शिक्षकांनीं आपल्या आवाजांत पाठ मुद्रित केले आणि ते ९०.८ ह्या लहरीवर ऐकविले गेले. शिक्षकाचा चेहरा नाहीं, फळा नाहीं, नुसता आवाज! ज्यांनीं वर्गांत कधीं ‘ऐका’ म्हणून मेजावर छडी आपटली असेल त्यांना, छडी आपटतां येत नसतांना मुलाचें लक्ष केवळ शब्दांनीं धरून ठेवणें किती कठीण असतें, हें तेथें कळलें असेल. सामुदायिक केंद्राच्या लहरी फार दूर जात नाहींत. इगतपुरी तालुक्यांतील शिक्षकांनीं वर्गणी काढून ४५१ रेडिओ संच मुलांना दिले. त्यांना पेन ड्राईव्ह लावण्याची सोय होती, म्हणजे मुद्रित पाठ हवा तेव्हां लावून ऐकतां येई. २०२१ मध्यें ह्या केंद्रास सामुदायिक नभोवाणीचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

ह्या लेखासाठीं वस्तु जमवितांना आम्हांस एक उणीव फार जाणवली. छापील पुस्तकें ग्रंथालयांत मिळतात. मुलांनीं हाताळलेलीं साधनें कोठेंच मिळत नाहींत. आपल्या धर्मग्रामांतील कोणाच्या माळ्यावर आजोबांची दगडी पाटी, बोरू, अंकलिपी किंवा खेड्यांतील मास्तरांचें हजेरीपुस्तक असेल, तर तें महोत्सवाच्या दिवसांत चार लोकांस पाहावयास ठेवावें. आणि ज्या मातेच्या मुलाचीं तीं दोन वर्षें मोबाईल नसल्यामुळें गेलीं, तिनेंहि आपली हकीकत कोणाकडून तरी लिहवून घेऊन त्यांच्या शेजारीं ठेवावी.